गिटार बदलू, की अर्थिंगची पिन परत बसवू?

पत्राचा सारांश : सोलापूरच्या पूर्व भागात राहणारे २७ वर्षांचे एक वाचक दिवसा घरच्या टॉवेलच्या कारखान्याचा हिशेब पाहतात आणि लग्नसराईत व उत्सवांत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतात. तळमजल्यावर माग आहेत आणि वरच्या मजल्यावर सरावाची खोली. गिटार सेकंडहँड आहे, तीन सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांचे कंपन टिपणारा भाग). घरी सराव करताना तिच्यातून सतत गुणगुण येते. खिडकीकडे वळून बसले की ती थोडी कमी होते. कार्यक्रमात अँपमधून मिक्सरला केबल दिली की याहून मोठी घरघर सुरू होते आणि ओव्हरड्राइव्हचे (सूर मुद्दाम खरखरीत करणारे) पेडल दाबले की एक बारीक शिट्टीही ऐकू येते. एका मित्राने अँपच्या प्लगची वरची पिन कापून दिली, तेव्हापासून कार्यक्रमातली घरघर जवळजवळ थांबली. घरची गुणगुण मात्र आहेच. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी ‘गिटार बदला, नाहीतर गिटारचे तुकडे आम्ही कीबोर्डवर वाजवून घेऊ’ असे बजावले आहे. वडील नव्या गिटारसाठी पैसे द्यायला तयार आहेत, पण यंदा धंदा मंद असल्याने ते घ्यायला मन धजत नाही. हंबकरची (गुणगुण खोडणाऱ्या दोन कॉइलच्या पिकअपची) नवी गिटार घ्यावी, नॉइज गेट (वाजवणे थांबताच आवाज बंद करणारे उपकरण) घ्यावा, की मागांच्या घरात हे असेच चालणार असे समजून वाजवणेच सोडावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी एक विनंती करतो. अँपचा प्लग आत्ताच सॉकेटमधून काढा आणि तीन पिनांचा नवा प्लग बसवून घेईपर्यंत तो पुन्हा लावू नका. तुमच्या मित्राचा हेतू चांगला होता याबद्दल मला शंका नाही, परंतु त्याने कापलेली पिन ही अर्थिंगची आहे. अँपची धातूची पेटी त्या पिनेतून जमिनीला जोडलेली असते आणि गिटारच्या केबलवरील जाळीतून तोच जोड ब्रिजपर्यंत, म्हणजे तुमच्या बोटांखालच्या तारांपर्यंत पोहोचतो. अँपमध्ये कधी फेजची तार सुटून पेटीला टेकली, तर अर्थिंग असताना फ्यूज जातो किंवा ब्रेकर पडतो. अर्थिंग नसताना काहीच पडत नाही, २३० व्होल्ट तारांवर येऊन थांबतात आणि तुम्ही गाण्यासाठी माइककडे झुकण्याची वाट पाहतात. हे भय दाखवण्यासाठी लिहीत नाही. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याचा भर कार्यक्रमात, हातात गिटार असताना अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श होऊन मृत्यू झाला. तिथे दोष माइकच्या बाजूचा होता, तुमच्याकडे तो अँपच्या बाजूचा आहे. विजेला त्याने फरक पडत नाही.

आता त्या कापलेल्या पिनेतून जे शिकण्यासारखे आहे तेही पाहू, कारण नकळत का होईना, तुमच्या मित्राने एक निदान करून ठेवले आहे. तुमच्या पत्रात ‘आवाज’ हा शब्द सगळीकडे एकवचनात येतो. त्याचे कारण एकच आहे आणि ते गिटारमध्ये आहे, असे तुम्ही, तुमचे मालक आणि बहुधा तुमचे वडीलही गृहीत धरून चालला आहात. तसे असते, तर पिन कापल्यावर घरची आणि कार्यक्रमातली अशा दोन्ही तक्रारी सारख्याच कमी झाल्या असत्या. एक गेली आणि दुसरी राहिली, याचा अर्थ त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पेडलची शिट्टी ही तिसरी. टॉवेलमध्ये उभी रेघ दिसू लागली तर तुमच्या घरी कोणी माग विकायला काढत नाही, ताण्यातला कोणता धागा तुटला ते आधी पाहतात. गिटारलाही तेवढाच न्याय मिळावा.

कार्यक्रमातल्या घरघरीपासून सुरुवात करू. तुमचा अँप मंचावरच्या एका सॉकेटमधून वीज घेतो आणि साउंडवाल्यांचा मिक्सर दूर, दुसऱ्या बोर्डावरून. दोघांनाही आपापले अर्थिंग आहे. तुम्ही लाइन आउटची, म्हणजे अँपमधून थेट सिग्नल बाहेर नेणारी, केबल मिक्सरला जोडता तेव्हा तिच्या जाळीमुळे ही दोन अर्थिंगे एकमेकांना जोडली जातात आणि अँप, केबल, मिक्सर व इमारतीचे किंवा मांडवाचे वायरिंग मिळून एक मोठे वेटोळे तयार होते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये थोडा जरी विद्युतदाबाचा फरक असला, तरी या वेटोळ्यातून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो आणि तो तुमच्या सुरांबरोबर स्पीकरमधून बाहेर पडतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पिन कापल्याने वेटोळे तुटले म्हणून घरघर थांबली. गिटार सुधारली म्हणून नव्हे. गिटारचा या प्रकरणाशी काही संबंधच नव्हता, आणि उद्या तुम्ही कितीही महागडी हंबकरची गिटार आणली असती तरी पूर्ण पिनेच्या अँपवर ही घरघर तशीच राहिली असती. पिन कापल्यानंतर तुमच्या अँपला कार्यक्रमात जे काही अर्थिंग मिळत होते ते मिक्सरच्या केबलच्या जाळीतून, आणि घरी तर तेही नाही, हेही लक्षात घ्या.

वेटोळे तोडायचेच, पण ते सिग्नलच्या केबलमध्ये तोडायचे, विजेच्या प्लगमध्ये नाही. यासाठी डी.आय. बॉक्स नावाची लहानशी डबी मिळते. ट्रान्सफॉर्मर असलेली साधी, बॅटरी न लागणारी डबी घेतली तर तिच्यातून सूर पलीकडे जातो, पण सूर नेणाऱ्या तारांचा दोन्ही बाजूंमध्ये थेट जोड उरत नाही. तिच्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’ असे लिहिलेला एक खटका असतो. तो मिक्सरकडे जाणाऱ्या केबलची जाळी अँपपासून सोडवतो आणि विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही. बहुतेक साउंडवाल्यांच्या पेटीत अशी एखादी डबी असतेच, मागावी मात्र लागते. ती नसेल तर लाइन आउटचा नाद सोडून अँपच्या स्पीकरसमोर एक साधा डायनॅमिक माइक ठेवायला सांगा. अँप आणि मिक्सर यांच्यात केबलच राहिली नाही की वेटोळेही राहत नाही. आणि यातले काहीही करण्याआधी, ज्या बोर्डावरून मिक्सर चालतो त्याच बोर्डावरून एक तीन पिनांचे एक्स्टेन्शन तुमच्या अँपपर्यंत ओढून द्यायची विनंती करा. पुष्कळदा एवढ्यानेच घरघर ऐकू येईनाशी होते, कारण मग दोघांचे अर्थिंग एकाच जागी मिळते. मांडवात दिव्यांच्या माळा ज्या बोर्डावर असतात तिथून मात्र वीज घेऊ नका. नाट्यगृहात दिवे डिमरवर मंद केले की गिटारमधून एक चरचर सुरू होते, तिचे मूळ डिमरमध्ये असते. दिवे पूर्ण उजळले की ती बरीच ओसरते, यावरून ती ओळखता येते.

घरची गुणगुण हा वेगळा आणि अधिक रंजक विषय आहे. तुम्ही तिचे खापर मागांवर फोडले आहे. माग बंद असताना ती थांबते का, हे मात्र पत्रात कुठे लिहिलेले नाही, आणि ते तुम्ही तपासून पाहिलेले नसावे असा माझा तर्क आहे. ज्या दिवशी कारखाना बंद असेल त्या दिवशी अँप त्याच जागी, सगळी बटणे त्याच आकड्यांवर ठेवून लावा आणि ऐका. गुणगुण तेवढीच असेल तर माग निर्दोष सुटले.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तारेच्या कंपनाने चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल तो टिपतो; परंतु तो बदल तारेमुळे झाला की जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे, हे त्याला कळत नाही. मागाच्या मोटरभोवती असे क्षेत्र असते, हे खरे आहे, पण ते अंतराबरोबर फार झपाट्याने विरते. ढोबळमानाने अंतर दुप्पट केले की ते आठव्या हिश्शावर येते. मोटरी खाली एक मजला दूर असताना तुमच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर काय आहे? बहुतेक तुमचाच अँप, ज्याच्या पोटात एक चांगला जाडजूड ट्रान्सफॉर्मर आहे. घरी सराव करणारे जवळजवळ सगळेच अँपला खेटून बसतात. अँपपासून सात-आठ फूट लांब जा, गिटार हळूहळू फिरवा आणि कोणत्या दिशेला गुणगुण मावळते ते पाहा. खिडकीकडे वळल्यावर फरक पडतो हे तुम्ही स्वतःच टिपले आहे. दिशेप्रमाणे बदलणारा आवाज हा चुंबकीय क्षेत्रातून येतो याची ती खूण आहे. मग एकेक करून ट्यूबलाइटचा जुना चोक, पंख्याचा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, एल.ई.डी. दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करत जा. पंख्याचा रेग्युलेटर हा सोलापूरच्या उन्हाळ्यात बंद करायला सर्वांत जड जाणारा, आणि नेमका पुष्कळदा दोषी निघणारा. तो अर्ध्यावर असताना चरचर वाढत असेल आणि पूर्ण वेगावर कमी होत असेल, तर पायरीपायरीने बदलणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवून घ्या.

एवढे करूनही माग सुरू होताच गुणगुण वाढते असे दिसले, तर मोटरीपेक्षा वायरिंगकडे पाहायला सांगा. कारखान्याकडे जाणारी मुख्य केबल तुमच्या सरावाच्या भिंतीतूनच वर आलेली असेल, किंवा कुठे फेज एका बाजूने आणि न्यूट्रल दुसऱ्या बाजूने नेली असेल, तर मोटरपेक्षा कितीतरी दूरवर क्षेत्र पसरते. समोरच्या भिंतीला बसून सराव करणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

ज्यांना आवाजाचे मूळ शोधायचे आहे अशा सगळ्यांसाठी इथे एक क्रम सांगतो. आधी केबल अँपमधून पूर्ण काढा. जो आवाज उरेल तो अँपचा स्वतःचा. मग केबल लावून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा; या वेळी आवाज गेला तर तो पिकअपमधून आणि आतल्या वायरिंगमधून येत होता, राहिला तर केबल, पेडल किंवा अँप यांच्याकडे वळा. त्यानंतर व्हॉल्यूम पूर्ण ठेवून तारांवर हात ठेवा आणि काढा. हात ठेवल्यावर चरचर कमी होणे स्वाभाविक आहे. हात ठेवल्यावर ती वाढत असेल, किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर वाजवणे थांबवून वायरमनला बोलवा. गिटारवादकाला आणखी एक साधन हाताशी असते, ते म्हणजे कान. ५० हर्ट्झ हा सूर बेसच्या सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरील जी पेक्षा किंचित चढा असतो आणि १०० हर्ट्झ हा गिटारच्या सहाव्या तारेवरील तिसऱ्या फ्रेटच्या जी पेक्षा किंचित चढा. केबल काढल्यावरही हा दुसरा सूर अँपमधून ठळक येत राहिला, तर अँपच्या वीजपुरवठ्यातील गाळणीचे जुने कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी आहे. ते काम मात्र जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याचेच, कारण प्लग काढल्यानंतरही त्या कपॅसिटरमध्ये धोकादायक दाब उरू शकतो.

तुम्ही गिटारच्या आत तांब्याची पट्टी लावण्याविषयीही ओझरते विचारले आहे. तारांना हात लावल्यावर जी कोरडी चरचर कमी होते, तिच्यावर अशा आवरणाचा चांगला उपयोग होतो, कारण ती विद्युत क्षेत्रातून येते. दिशेप्रमाणे बदलणारी खोल गुणगुण चुंबकीय असते आणि तांब्याची पातळ पट्टी तिला अडवू शकत नाही. हा भेद माहीत नसल्यामुळे अनेक जण एक रविवार खर्च करून गिटारचे पोट मढवतात आणि मग निराश होतात. पट्टी लावायचीच असेल तर सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले आहेत याची खात्री करा. नुसतीच चिकटवलेली पट्टी काही करत नाही.

मग चुंबकीय गुणगुणीवर उपाय काय? इथे हंबकरचा विचार योग्य ठरतो. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी १९५५ मध्ये ज्याच्या पेटंटचा अर्ज केला आणि १९५९ मध्ये ज्याला पेटंट मिळाले, त्या हंबकरमध्ये दोन कॉइल असतात; त्यांचे वेढे एकमेकांविरुद्ध आणि चुंबकांची टोकेही एकमेकांविरुद्ध. बाहेरची गुणगुण दोघांमध्ये उलटसुलट येऊन एकमेकींना खोडते, तारेचा सूर मात्र एकाच बाजूने येऊन मिळतो. पण हीच सोय तुमच्या गिटारमध्ये निम्मीअर्धी असण्याची शक्यता आहे आणि ती तुम्ही वापरून पाहिलेली दिसत नाही. अनेक तीन-पिकअपच्या गिटारींत मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे पाच खटक्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी दोन पिकअप एकत्र आले की गुणगुण जवळजवळ नाहीशी होते. संथ गाण्यांची साथ या जागांवर करून पाहा. त्यातून भागत नसेल तर सिंगल कॉइलच्याच आकारात बसणारे, आत दोन कॉइल असलेले पिकअप मिळतात. त्यांचा सूर किंचित बदलतो आणि काही जणांना तो आवडत नाही, हे मान्य करून सांगतो की संपूर्ण गिटार बदलण्यापेक्षा तो मार्ग स्वस्त आहे.

बेस वाजवणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात : दोन सिंगल कॉइलच्या जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवले की गुणगुण खोडली जाते आणि एक खाली केला की ती परत येते, प्रिसिजन बेसवर १९५७ पासून पिकअपचे दोन भाग करून हीच युक्ती आतच बसवलेली आहे. ती असूनही बेस गुणगुणत असेल तर पिकअप सोडून इतरत्र शोधा.

पेडलच्या शिट्टीवर वेळ दवडायला नको. त्यात नऊ व्होल्टची बॅटरी घालून पाहा. शिट्टी गेली तर दोष अडॅप्टरचा. एकाच अडॅप्टरवर अनेक पेडल लटकवले असतील तर प्रत्येकाला वेगळा, अलग पुरवठा देणारा वीजपुरवठा घ्या आणि ध्रुव व मिलिअँपिअर जुळतात का ते पाहून घ्या. ओव्हरड्राइव्ह स्वतः आवाज निर्माण करत नसले तरी आलेला आवाज मोठा करते. गेन म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते प्रमाण; ४० डेसिबल गेन म्हणजे शंभर पट, आणि ती गुणगुणीलाही शंभर पटच. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवून पेडलचा गेन थोडा कमी केलात तर मागे बसलेल्या श्रोत्यांना फरक कळणार नाही. नॉइज गेटबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. तो दोन सुरांमधली शांतता साफ करतो, सूर चालू असतानाची गुणगुण तशीच राहते, आणि संथ गाण्याच्या शेवटी विरत जाणारा सूर तो मध्येच कापतो. भरधाव वाजवणाऱ्यांना तो उपयोगी पडतो. ऑर्केस्ट्रात तुम्ही जे वाजवता त्यात, निवेदक बोलत असताना करंगळीने व्हॉल्यूम शून्यावर नेण्याची सवय त्याच्याइतकेच काम करील.

घराचे अर्थिंग तपासून घेणे मी सर्वांत शेवटी लिहीत असलो तरी करायचे ते नव्या प्लगबरोबरच. सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, जमीन कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा विद्युतरोध वाढतो. त्यात नियमित पाणी घालण्याची पद्धत आपल्याकडे आहे ती याचसाठी. वायरमनकडून फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन्ही दाब माग चालू असताना आणि बंद असताना मोजून घ्या, आणि सरावाच्या खोलीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका) बसवण्याविषयी विचारा. अँपचे अर्थिंग पूर्ववत झाल्यावर घरची चरचरही काहीशी कमी झालेली आढळली तर नवल वाटू देऊ नका, कारण आवरण आणि तारा यांना जोडायला आता पुन्हा काहीतरी असेल.

मालकांना आज ‘गिटार बदलतो’ असे कबूल करू नका आणि त्यांच्याशी वादही घालू नका. त्यांना घरघर नको आहे. ती कशाने जाते याच्याशी त्यांना कर्तव्य नसावे. पुढच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी साउंडवाल्यांना फोन करून डी.आय. बॉक्स आणि मिक्सरच्या बोर्डावरून एक पॉइंट मागा, अर्धा तास लवकर पोहोचा आणि मालक हजर असतानाच अँप लावून दाखवा. एवढे सगळे झाल्यावरही घरची गुणगुण असह्य वाटली, तर वडिलांनी देऊ केलेले पैसे जरूर घ्या, पण दुकानात जाताना स्वतःचा अँप आणि पेडल सोबत न्या, नव्या गिटारचा आवाज तुमच्या नेहमीच्या गेनवर ऐका आणि पूर्ण रक्कम देण्यापूर्वी, माग चालू असताना, ती एक संध्याकाळ घरी वाजवून पाहायला मिळेल का ते दुकानदाराला विचारा.